आठव्या वर्षी की बाराव्या? मुलांच्या जबड्याच्या वाढीचं वेळापत्रक

आठ वर्षांच्या मुलाचे वरचे दात पुढे आलेत म्हणून आईवडील त्याला दाखवायला नेतात. डॉक्टर म्हणतात, "आत्ता काही करायला नको, बारा वर्षांचा होऊ दे." त्याच आठवड्यात शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला दुसरे डॉक्टर सांगतात, "लगेच सुरू करू, उशीर नको." मग दोन्ही घरांत शंका सुरू होतात. एका घराला वाटतं आपले डॉक्टर टाळताहेत, दुसऱ्याला वाटतं आपले डॉक्टर पैसे काढताहेत. दोघा डॉक्टरांचं बरोबर असणं अगदी शक्य आहे. मुलाचा खालचा जबडा मागे राहिलाय, मुलीचा वरचा. आणि ही दोन हाडं एकाच वेळापत्रकाने वाढत नाहीत.

दात वेडेवाकडे असणं वेगळं आणि दात ज्या हाडात बसलेत ते हाडच लहान, मोठं, अरुंद किंवा मागेपुढे असणं वेगळं. दात कोणत्याही वयात सरकवता येतात. पन्नाशीतही लोक तार लावून घेतात आणि दात नीट सरकतात. हाडाला मात्र ते वाढत असेपर्यंतच वळण लावता येतं. वाढ थांबली की दोनच मार्ग उरतात: दातांची मांडणी अशी करायची की हाडातला दोष झाकला जाईल, नाहीतर जबड्याचं ऑपरेशन. म्हणून लहान वयात काय करायचं हा प्रश्न मुख्यतः हाडाचा असतो. दात फक्त आधी डोळ्यांत भरतात.

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये पहिल्या पक्क्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले. डॉक्टरांच्या कागदावर आजही 'क्लास टू', 'क्लास थ्री' असं लिहिलेलं दिसतं ते त्याचंच. ढोबळमानाने क्लास टू म्हणजे वरचे दात खूप पुढे किंवा खालचे खूप मागे, आणि क्लास थ्री म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे. पण अँगलने पाहिल्या त्या दाढा. हाडं नीट मोजता येऊ लागली ती १९३१ पासून. त्या वर्षी अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, डोकं चौकटीत स्थिर धरून बाजूने एक्स-रे काढायची पद्धत मांडली. डोकं दर वेळी त्याच स्थितीत असल्याने दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा एक्स-रे एकमेकांवर ठेवून कोणतं हाड किती वाढलं, कोणत्या दिशेने वाढलं हे कळू लागलं. आज डॉक्टर ज्याला 'लॅटरल सेफ' म्हणतात तो हाच एक्स-रे.

दोन जबडे, दोन घड्याळं

वरचा जबडा एकसंध वाटतो, पण तो उजव्या आणि डाव्या अशा दोन हाडांचा बनलेला असतो. टाळूच्या मधोमध मागे जाणारी रेघ जिभेला लागते ना, तिच्या वरच ही हाडं जुळतात. त्या जोडाला शिवण म्हणतात. आणि नाव शोभतंही: शाळेचा युनिफॉर्म टाकताना आई शिंप्याला "शिवणीत कापड ठेवा हो" असं बजावते, तशीच ही सोय आहे. मूल लहान असेपर्यंत ही शिवण हलक्या जोराने उघडता येते आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. वयात येता येता दोन्ही कडा एकमेकींत गुंतत जातात आणि पुढे सांधल्या जातात. कुणाच्या लवकर, कुणाच्या बऱ्याच उशिरा. इथे ठरावीक वय सांगता येत नाही. वरचा जबडा गालाच्या हाडांना आणि कवटीच्या तळालाही अशाच शिवणींनी धरलेला असतो. त्याही नऊ-दहा वर्षांनंतर हळूहळू दाद देईनाशा होतात.

शिवाय वरचा जबडा कवटीचा शेजारी. मेंदू आणि कवटी यांची बहुतेक वाढ सहा-सात वर्षांपर्यंत उरकलेली असते, आणि वरच्या जबड्यावर त्या लवकर आटोपणाऱ्या वाढीची छाया असते.

खालच्या जबड्याचा कारभार निराळा. कानाच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे हलतं ते या जबड्याच्या सांध्याचं टोक. त्या टोकावर कूर्चा असते आणि जबड्याची लांबी वाढण्यात तिचा मोठा वाटा असतो. खालचा जबडा उंचीच्या संगतीने वाढतो. मूल वयात येताना पँट सहा महिन्यांत आखूड होते, त्याच सुमारास खालचा जबडाही जोर धरतो. वरचा जवळजवळ थांबल्यावरही तो वाढतच राहतो, मुलग्यांमध्ये तर अठरा-वीसपर्यंत थोडाथोडा.

वेगवेगळे सल्ले येतात ते यातूनच. वरचा जबडा अरुंद असेल तर लवकर. वरचा मागे असेल तर आणखी घाई, साधारण सात ते दहा. खालचा मागे असेल तर बहुतेक वेळा वयात येण्याची वाट पाहायची. आणि खालचा फार मोठा असेल, तर बऱ्याचदा वाढ पूर्ण होईपर्यंत नुसतं लक्ष ठेवून राहायचं.

टाळू रुंद करणं

वरचा जबडा अरुंद असला की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. खरं तर झाकण डब्याबाहेर असावं तशा त्या बाहेरून बसायला हव्यात. बऱ्याच मुलांत दोन्ही बाजू थोड्याथोड्या अरुंद असतात, पण मुलाला तसं नीट चावता येत नाही, म्हणून ते तोंड मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकवतं आणि तिथे स्थिरावतं. समोरून पाहिलं तर हनुवटी एकीकडे गेलेली दिसते. तोंड हळू मिटायला सांगितलं तर दात टेकेपर्यंत जबडा मध्यावर असतो आणि शेवटच्या क्षणी बाजूला घसरतो. हे घरी आरशासमोरही दिसतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर एका बाजूचा जबडा वेगळा वाढू शकतो आणि आज नुसतं सरकणं आहे ते उद्या हाडातलं वाकडेपण होतं. म्हणून हा दोष सात-आठ वर्षांत दिसला की दुरुस्त करतात. याबद्दल तज्ज्ञांत फारसं दुमतही नाही.

उपाय म्हणजे दाढांना धरून टाळूवर बसवलेला स्क्रू. आईने किंवा बाबाने छोट्या किल्लीने तो रोज एक-दोनदा फिरवायचा. एका फिरवणीत साधारण पाव मिलिमीटर. दोन-तीन आठवड्यांत काम होतं आणि मग तेच साधन काही महिने तसंच ठेवतात, कारण उघडलेल्या शिवणीत हाड भरायला वेळ लागतो. घाईने काढलं तर सगळं मागे येतं. या काळात पुढच्या दोन दातांमध्ये अचानक मोठी फट पडते आणि घाबरलेल्या आईवडिलांचे डॉक्टरांना फोन जातात. फट पडणं ही शिवण उघडल्याची खूण आहे. हिरडीतले तंतू ते दात पुन्हा जवळ ओढतात आणि फट पुष्कळशी आपोआप मिटते. हे आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं बऱ्याच घरांत ऐकू येतं.

कल्पना नवी नाही. इमर्सन अँजेल याने सॅन फ्रान्सिस्कोत १८६० मध्ये असा स्क्रू वापरून शिवण उघडल्याचं लिहिलं होतं आणि त्या वेळी त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६१ च्या सुमारास अँड्र्यू हास यांनी ती पद्धत पुन्हा वापरात आणली. आठ वर्षांच्या मुलात जे किल्लीने होतं, तेच पंचविशीत करायचं तर हाडात स्क्रू रोवावे लागतात किंवा शस्त्रक्रियेने शिवण मोकळी करावी लागते. लवकर करण्याचा फायदा इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

इथे एक सावधगिरी. टाळू रुंद केला की नाकातली वाट रुंद होते, म्हणून घोरणाऱ्या किंवा तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा टाळू रुंद करून घ्यावा, असा प्रचार हल्ली जोरात आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स या, दात आणि जबडे नीट मांडणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या (ऑर्थोडॉन्टिस्टांच्या) संघटनेने २०१९ मध्ये झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्यावर जी भूमिका मांडली, तिच्यात निव्वळ असा त्रास पुढे होऊ नये म्हणून टाळू रुंद करण्याला आधार नाही असंच म्हटलंय. मूल रात्री घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं, दिवसा पेंगतं, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील तर दातांच्या दवाखान्यात त्यावर इलाज नाही.

खालचे दात पुढे

खालचे दात वरच्यांच्या पुढे असतील तर पहिला प्रश्न: हे खरंच हाडाचं आहे का? काही मुलांचे पुढचे दात टोकाला टोक लागतात, आणि ती अडचण टाळायला मूल जबडा पुढे सरकवून चावतं. डॉक्टर मुलाला जिभेचं टोक टाळूवर मागे लावून दात मिटायला सांगतात आणि जबडा मागे जातो का ते पाहतात. जात असेल तर काम सोपं असतं. पुढचा एखादाच दात आत अडकला असेल तर साध्या प्लेटने काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो बाहेर येतो. तो तसाच ठेवला तर खालच्या दाताची हिरडी खाली सरकायला लागते.

हाडाचाच दोष असेल तर घराण्यात पाहावं. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याची पुढे आलेली हनुवटी त्यांच्या तैलचित्रांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याच्याबाबतीत तर चावणंसुद्धा अवघड होतं असं वर्णन सापडतं. आपल्याकडे राजघराणं लागत नाही. "आजोबांवर गेलाय" एवढं वाक्य पुरतं, आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

अशा पुष्कळ मुलांत खालचा जबडा मोठा असतो त्यापेक्षा वरचा मागे राहिलेला असतो. त्यावर फेसमास्क लावतात: कपाळ आणि हनुवटीवर टेकणारी चौकट, तिच्यापासून वरच्या दाढांवरच्या साधनापर्यंत रबर. दर बाजूला तीन-चारशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त ओढ, दिवसाचे बारा ते चौदा तास, म्हणजे शाळेतून आल्यापासून सकाळी उठेपर्यंत. दिसायला विचित्र, पण काम घरात आणि झोपेतच होतं.

ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून यावर एक चाचणी केली. सात ते नऊ वर्षांच्या ७३ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून फेसमास्क दिला, बाकीच्यांना नाही, आणि मग त्यांच्या वाढीचा सहा वर्षं माग काढला. शेवटी जबड्याच्या ऑपरेशनची गरज पडेल असं फेसमास्क घातलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांबाबत ठरलं, न घातलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांबाबत. लवकर उपचार केल्याने मोठं काहीतरी टळतं याचा इतका ठोस पुरावा या क्षेत्रात दुर्मीळ आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही आईवडिलांना सांगायला हवी. फेसमास्क घालूनही तिघांपैकी एकाला ऑपरेशन लागणारच आहे, कारण वयात येताना खालचा जबडा पुन्हा धावतो आणि मिळवलेलं काही हिरावून नेतो. "आत्ता करा म्हणजे ऑपरेशन नक्की टळेल" असं कुणी लिहून देत असेल तर खुशाल शंका घ्या.

जे जबडे घराण्यातून आलेले आणि फार मोठे आहेत, तिथे लहानपणी हनुवटीला मागे दाबून ठेवणारे पट्टे पूर्वी खूप वापरले जात. पट्टा असेपर्यंत फरक दिसायचा, काढल्यावर वाढ आपल्या मूळ वाटेवर यायची. अशा मुलांत वाढ संपेपर्यंत थांबून मग शस्त्रक्रिया करणं हाच बऱ्याचदा प्रामाणिक सल्ला असतो.

वरचे दात पुढे: सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त घाई होणारी तक्रार

दात पुढे आले की लोक वरच्या दातांना नावं ठेवतात. मूल बाजूने पाहिलं तर बऱ्याच वेळा वरचं सगळं जागेवर असतं, खालचा जबडा मागे असतो. ओठ मिटत नाहीत, खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकतो आणि दातांना आणखी पुढे ढकलतो.

यावर युरोपात शंभरहून अधिक वर्षं वेगवेगळी साधनं चालत आली आहेत. आपल्याकडे सर्वाधिक दिसतं ते ट्विन ब्लॉक, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेलं. वर एक प्लेट, खाली एक, दोन्हींवर उतरते ठोकळे. दात मिटले की ठोकळे एकमेकांवर घसरतात आणि जबडा पुढे जातो. दिवसरात्र घालायचं, जेवतानासुद्धा. पहिला आठवडा लाळ गळते, बोलणं बोबडं होतं, मग सवय होते. नऊ-दहा महिने ते वर्षभर.

आता मुख्य गोष्ट. हे साधन आठव्या वर्षी द्यायचं की बाराव्या? यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडा विद्यापीठांत आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या नेतृत्वाखाली मोठ्या चाचण्या झाल्या. आकडेवारी वेगवेगळी असली तरी निष्कर्ष एकाच दिशेचा आहे. लवकर उपचार केलेल्या मुलांचे दात लगेच मागे गेले, सगळे खूश झाले. पण दोन्ही गटांची मुलं वयात येऊन, तार लावून, उपचार पूर्ण करून बाहेर पडली तेव्हा जबड्यांच्या नात्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. लवकर सुरू केलेल्यांच्या दवाखान्याच्या खेपा आणि एकूण महिने तेवढे जास्त झाले होते. शिवाय दात मागे जाण्यात मोठा वाटा दात कलण्याचा होता, जबडा लांब होण्याचा कमी. "जबडा वाढवून देतो" हे वाक्य म्हणून जरा सावधपणेच ऐकावं. बहुधा जो वाढणारच होता तो थोडा लवकर वाढतो.

मग लवकर कधीच करू नये का? दोन कारणांसाठी करावं. पहिलं म्हणजे मार. पुढे आलेला दात पडल्यावर आधी आपटतो. क्रिकेटचा चेंडू, शाळेतली धक्काबुक्की, सायकल. या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या, कोक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात लवकर उपचाराचा एकमेव ठळक फायदा हाच निघाला: नंतर उपचार झालेल्या मुलांपैकी साधारण ३० टक्क्यांना पुढच्या दातांना नवी इजा झाली, लवकर झालेल्यांपैकी २० टक्क्यांना. म्हणून वरखालच्या पुढच्या दातांमधलं आडवं अंतर सात-आठ मिलिमीटरच्या पुढे असेल, मूल दांडगोबा असेल, ओठ दातांवर येत नसेल, तर नवव्या वर्षी सुरू करण्यात अर्थ आहे. दोन-तीन मिलिमीटर अंतर तर सर्वसाधारणच. मैदानावर जाणाऱ्या मुलाला माउथगार्ड घ्यावा, तो कोणत्याही वयात कामाचा.

दुसरं कारण चिडवणं. मँचेस्टरच्या चाचणीत आठ ते दहा वर्षांच्या मुलांना लवकर उपचार मिळाल्यावर त्यांना स्वतःबद्दल बरं वाटू लागलं, चिडवण्याचे अनुभव कमी झाले. पुढे जाऊन हाही फरक पुसला गेला, पण चौथी-पाचवीतल्या मुलाला 'पुढे जाऊन'चं काय. वर्गात रोज चिडवलं जाणारं मूल हसणं सोडतं, फोटोत ओठ आवळून उभं राहतं. तेव्हा हाडाचा फायदा नसला तरी उपचार करावा, असं माझं मत. फक्त कारण स्पष्ट असावं, आणि बारा-तेराव्या वर्षी पुन्हा तार लागणार, खर्च दोनदा होणार, हे आधी ठरलेलं असावं. आठव्या वर्षी प्लेट सुरू झालेलं मूल तेराव्या वर्षी कंटाळून जातं आणि नेमकं महत्त्वाच्या वेळी सहकार्य सोडतं, हेही डॉक्टर रोज पाहतात.

बारावं वर्ष म्हणजे नेमकं काय

जन्मतारखेवर फार विसंबू नये. मुलींचा झपाटा साधारण दहा ते बाराच्या दरम्यान येतो, मुलग्यांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर उंची वाढण्याचा सगळ्यात जोराचा काळ बहुतेक मागे पडलेला असतो. आईने ही माहिती डॉक्टरांना न संकोचता सांगावी, कारण "बारा वर्षांची झाली की आणा" या सल्ल्यात मुलीचे काही महिने हुकू शकतात. डॉक्टर लॅटरल सेफमध्येच मानेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याचा आकार पाहतात. वाढीच्या टप्प्याप्रमाणे मणक्यांच्या खालच्या कडेला खोलगटपणा येत जातो आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. काही जण हाताच्या पंजाचा एक्स-रे काढतात. पण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने दर तीन-चार महिन्यांनी उंचीची खूण करत जाणं हे फुकटातलं आणि चांगलं साधन आहे. खुणांमधलं अंतर वाढू लागलं की झपाटा सुरू झाला.

हनुवटीवर पडलेलं मूल

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर. मूल ओट्यावरून, गच्चीच्या पायरीवरून, झाडावरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फाटते, तीन-चार टाके पडतात, जखम भरते, सगळे विसरतात. पण हनुवटीवर बसलेला मार हाडातून थेट वर, कानापुढच्या सांध्यांत जातो. लहान मुलांत तिथली हाडं सहज मोडतात आणि ते बाहेरून दिसत नाही. बहुतेक मुलांत मोडलेलं टोक नीट भरून येतं, लहान मुलांच्या हाडांची ती करामत आहे. काहींत मात्र सांध्यात रक्त साचून हाड हाडाला चिकटतं. तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, दोन बोटं जेमतेम जातात, पुढे एकही नाही. वाढीचं केंद्रच जायबंदी झाल्याने त्या बाजूचा जबडा मागे राहतो, चेहरा वाकडा होतो, आणि दोन्ही बाजूंना झालं तर हनुवटी जवळजवळ नाहीशी होते. रात्री श्वासाचा त्रास होतो. असे रुग्ण आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत आजही येतात, अनेकदा पडल्यानंतर कित्येक वर्षांनी.

म्हणून हनुवटीला टाके पडले असतील तर त्या आठवड्यात दोन गोष्टी पाहाव्यात. तोंड पूर्वीइतकं उघडतं का, आणि दात पूर्वीसारखे मिटतात का, की उघडताना जबडा एका बाजूला जातो. काही वेगळं वाटलं तर मुख-शल्यचिकित्सकाला दाखवावं. अशा वेळी मुलाला तोंड बांधून गप्प बसवण्यापेक्षा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ते लवकर हलवायला लावतात, कारण चिकटण्याचा धोका न हलवण्यात असतो. नंतरही काही वर्षं चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या वाढताहेत का हे बघत राहावं. लहान मुलांचा संधिवात असलेल्यांतही हा सांधा बाधित होऊ शकतो, आणि तिथे तर अनेकदा दुखतही नाही.

सातव्या वर्षी काय पाहतात

ऑर्थोडॉन्टिस्टांची तीच अमेरिकन संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा असं सांगते. त्या वयात पुढचे पक्के दात येऊ लागलेले असतात आणि सहाव्या वर्षीची पहिली पक्की दाढ आलेली असते. ही दाढ कोणताही दुधाचा दात न पडता सगळ्यांच्या मागे गुपचूप येते, त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते, किडली तरी दुर्लक्ष होतं. तपासणी म्हणजे उपचार नव्हेत. सात वर्षांच्या बहुतेक मुलांना त्या दिवशी "सहा महिन्यांनी या" एवढंच सांगून घरी पाठवायचं असतं.

काही गोष्टी तर नुसत्या वाट पाहिल्याने नीट होतात. आठ ते अकराच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांमध्ये फट असते, दात पंख्यासारखे बाहेर कललेले दिसतात. वर हाडात चढणारे सुळे त्या दातांची मुळं दाबत असतात; सुळे खाली उतरले की फट बहुधा मिटते. या वयात ती फट तारेने बंद करू नये. सुळे मात्र दहाव्या वर्षी तपासून घ्यावेत: वरच्या हिरडीवर, दुधाच्या सुळ्याच्या वर बोटाला फुगीर लागायला हवं. लागत नसेल तर तो टाळूकडे वळलेला असू शकतो. दुधाचा सुळा वेळेवर काढल्याने पुष्कळदा त्याला वाट मिळते.

"दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत" हे वाक्य महागात पडतं. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या किडून सहाव्या-सातव्या वर्षी काढाव्या लागल्या तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दातांची जागा खाते. तिथे जागा राखणारं साधं कडं बसवलं तर पुढचा बराच त्रास टळतो. आणि अंगठा चोखणं: चौथ्या वर्षापर्यंत सोडलं तर बिघडलेलं बरंचसं आपोआप सुधारतं. पक्के दात येताना सुरूच असेल तर मदत घ्यावी. मिरची किंवा कडुनिंब लावून, मारून ते सुटत नाही, लपून चालू राहतं. सिलिकॉनचे तयार 'ट्रेनर' ऑनलाइन मागवून मुलाच्या तोंडात बसवण्याचा उद्योग करू नये. कोणत्या हाडाचा दोष आहे हे ठरल्याशिवाय साधन निवडता येत नाही.

कुठे दाखवायचं? बीडीएसनंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेले डॉक्टर हे या कामाचे. खाजगी खर्च पेलत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे रांग असते आणि शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, पण खर्च कितीतरी कमी. शाळा-अंगणवाड्यांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक दातही पाहतं. दुभंगलेले ओठ आणि टाळू तर त्यांच्या यादीतच आहेत, आणि त्या मुलांना साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा येण्याआधी, हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया लागते. ती वेळ चुकवू नये.

डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: दोष वरच्या हाडात आहे, खालच्या की नुसत्या दातांत? आत्ता न करता दोन वर्षं थांबलो तर नेमकं काय बिघडेल? पुढे पुन्हा तार लागेल का, आणि दोन्ही मिळून खर्च किती? उत्तर टाळलं गेलं तर दुसरं मत घ्यावं. आणि कुठलाही निर्णय झाला तरी एक्स-रे, फोटो आणि दातांच्या साच्यांच्या प्रती मागून घ्याव्यात. दोन वर्षांनी बदली झाली, गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर नव्या डॉक्टरांना मुलाचा जबडा कोणत्या दिशेने वाढतोय हे जुन्या एक्स-रेशेजारी नवा ठेवूनच कळणार असतं.